ढिगातली काठी

आधीच सांगतो. ही गोष्ट खरी आहे आणि माझ्यासोबत घडली आहे. ज्यांना खाली 'फेक' लिहायचं आहे, त्यांनी आत्ताच लिहून मोकळं व्हावं. वाद घालायची ताकद माझ्यात उरली नाही.

आणखी एक. रात्र नव्हती. अमावस्या-बिमावस्या काही नव्हती. २०१८ चा मार्च महिना, दुपारचे अडीच, डोक्यावर कडक ऊन. जागा, भंडारा जिल्ह्यात नाकाडोंगरीच्या पुढचं जंगल. पुढच्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. उगाच रिकामटेकडे लोक मोबाईल घेऊन तिथे जातील.

मी हेमराज. मोहाडीला राहतो. आमचं घर पिढ्यानपिढ्या विणकामातलं, मी कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विकतो. माझी भाची रुचिका पुण्यात नोकरी करते. सुट्टी मिळाली की पाठीवर ही मोठी बॅग टाकायची आणि एकटीने भटकायचं, हा तिचा नाद. त्या वर्षी तिने ठरवलं, आमच्याकडची जंगलातली गावं पायी फिरायची.

तिच्या मित्रांनी तिला घाबरवून सोडलं होतं. तिकडे नक्षलवादी आहेत, वाघ आहेत, जाऊ नकोस. हे असं ऐकलं की माझं डोकं सणकते. गोंदिया आमच्यातून नव्याण्णव साली वेगळा झाला, तरी तिकडची बातमी आली की नाव आमचंही घेतात. पुण्याच्या माणसाला नागपूरच्या पुढे सगळं एकच दिसते.

ताईने, म्हणजे रुचिकाच्या आईने, एकच अट घातली. मामा सोबत असेल तरच जा.

मला फोनवर म्हणाली, "हेमराज, पोरगी तुझ्या भरवशावर पाठवते. तिला काही झालं तर मी तुझं तोंड पाहणार नाही."

म्हणून मी निघालो. पन्नाशीचा माणूस, पायात दुकानातल्या चपला.

रुचिकाजवळ नियमांचा एक कागद होता, प्लास्टिकमध्ये मढवलेला. अंधाराआधी मुक्कामी पोहोचायचं. कुठून जाणार ते घरी कळवायचं. गळ्यात शिट्टी, हातात काठी. कोणाच्याही वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

मी वाटभर तिची टिंगल केली. म्हटलं, "आमच्या जिल्ह्यात हे कायले पाहिजे? मी आहो ना."

मी आहो ना म्हणे. मी मोहाडीच्या बाजारातला माणूस. त्या जंगलातलं मला काय ठाऊक होतं? ढेकळं. पण भाचीसमोर फुशारकी मारायची हौस फार.

नऊ किलोमीटरची वाट होती. पलीकडच्या गावात शकुनबाई आणि तिचा नवरा नत्थू राहतात. नत्थू येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडांवर कोशाचे किडे पाळतो, मी त्यांच्याकडून कोसे घेतो. मुक्काम त्यांच्याकडेच ठरला होता.

तीनेक किलोमीटर गेलो आणि रुचिकाच्या लक्षात आलं, काठी घ्यायची राहिली. गावाच्या तोंडाशी कुत्री असतात, काठी पाहिजेच म्हणाली.

वाटेच्या कडेला, एका मोहाच्या झाडाखाली, वाळक्या डहाळ्यांचा ढीग होता. कमरेएवढा. मी त्यातून एक सरळ काठी उपसली.

"मामा, विचारल्याशिवाय नको ना. कोणाचं तरी असेल."

"अवं, सरपण आहे. जंगलात कोणाले विचारू?"

आणि मी ती काठी तिच्या हातात कोंबली.

पंधरा मिनिटं झाली असतील. मला काहीतरी खटकत होतं. काय ते कळेना, आणि कळेना म्हणून मी उगाच चिडचिड करून राहिलो होतो. ऊन फार, वाट लांब, चप्पल चावते.

मग लक्षात आलं...

वाट मुरमाची होती, मधे मधे दगड. रुचिका दर दुसऱ्या पावलाला काठी टेकवत होती. काठी दगडावर पडताना मला दिसत होती.

पण आवाज होत नव्हता.

आवाज येत होता... मागून.

टक.

काठी इथे टेकायची. टक तिथे व्हायचं. पन्नासेक पावलं मागे.

मी म्हटलं, आवाज घुमत असेल. रुचिकाने काठी उचलून खांद्यावर घेतली आणि जागच्या जागी उभी राहिली. मीही थांबलो.

टक...

टक...

आता तीसच पावलं.

मी वळून पाहिलं. सरळ वाट. ऊन. वाळका पाला. माणूस नाही, जनावर नाही. इतका वेळ पाखरं ओरडत होती, तीही गप्प.

"फेकून दे ते," मी म्हटलं.

"ज्याची असेल त्याला परत करू. फेकायची नाही." ती माझ्यासारखी घाबरलेली नव्हती. पळायचं नाही, सरळ चालायचं, हे तिनेच मला सांगितलं. मी ऐकलं. माझ्या शहाणपणाचा तोवर पार भुगा झाला होता.

उरलेली वाट आम्ही कशी चाललो ते मी सांगू शकत नाही. आवाज कधी जवळ यायचा, कधी थोडा मागे पडायचा. थांबला मात्र नाही.

साडेचारला गावाशी पोहोचलो. तीन कुत्री वाटेत पडली होती. आमच्याकडे पाहिलं, उठली... आणि न भुंकता घरांच्या मागे निघून गेली.

शकुनबाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. मला पाहून हसत उठली. मग तिची नजर घरामागे दडलेल्या कुत्र्यांवरून रुचिकाच्या हातातल्या काठीवर आली. तिचं हसणं तिथेच विरलं.

"भाऊ, तिथंच उभे राहा. अंगणात येऊ नोका."

नत्थू बाहेर आला. त्याने जे सांगितलं ते थोडक्यात असं. तो ढीग सरपणाचा नाही. खूप वर्षांपूर्वी तिथे एक माणूस एकटा चालता चालता मेला. कोणी म्हणते वाघाने, कोणी म्हणते तापाने. तेव्हापासून जो जाईल तो एक डहाळी तोडून तिथे ठेवतो. म्हणजे त्याला सोबत झाली, त्याने तिथेच बसावं. आणि जो ढिगातून डहाळी काढतो, त्याने त्या मेलेल्यालाच सोबत चल म्हटलं असं होते.

उपाय एकच. सूर्य बुडायच्या आत काठी परत ठेवायची. ज्याने काढली त्याच्याच हाताने. दुसऱ्याच्या हाताने चालत नाही.

शकुनबाईने माझ्याकडे पाहून विचारलं, "कोनं काढली?"

मी तोंड उघडलं.

शब्द फुटला नाही. आता लोक म्हणतात, दचकला असशील. नाही. मला पक्कं ठाऊक होतं मी काय करून राहिलो ते. टक टक जिथून आली होती तिथेच मला परत जावं लागणार होतं. माझी फाटली होती, आणि वरून ज्यांच्यासमोर मी शेठ म्हणून मिरवतो त्यांच्यासमोर लाजही वाटत होती.

"मी काढली," रुचिका म्हणाली.

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आणि मी गप्प राहिलो.

नत्थूने मोटारसायकल काढली. रुचिका काठी घेऊन मागे बसली. ते गेले आणि मी अंगणाच्या कडेला बसून राहिलो. शकुनबाईने चहा आणला, तो गार झाला. उठावं, मागे धावावं, खरं सांगावं, असं हजार वेळा मनात आलं. उठलो नाही.

पावणेसहाला ते परत आले. दोघंही धडधाकट. नत्थू म्हणाला, पोरीने बरोबर ठेवली, हात जोडले, आता काही नाही. आवाजही खरंच बंद झाला होता. तिसऱ्या दिवशी मी तिला पुण्याच्या गाडीत बसवून दिलं.

मला वाटलं, सुटलो.

मे महिन्यात कापडाच्या प्रदर्शनासाठी पुण्याला गेलो. रुचिका मला बसस्टॉपवर घ्यायला आली. सकाळचे नऊ वाजले होते. घर दहा मिनिटांवर. माझ्या दोन्ही हातांत गाठोडी, अंगाला घाम, आणि ही बाई एक एक पाऊल मोजून टाकून राहिली होती. तेही रस्त्याच्या अगदी कडेने. डाव्या बाजूला माणसाएवढी जागा सोडून.

मधेच एक रिक्षा जोरात आली. रुचिकाने डावा हात आडवा धरला... म्हाताऱ्या माणसाला रस्त्यात थांबवतात तसा.

मी वैतागून म्हटलं, "जरा भरभर चाल ना."

"त्यांना भरभर जमत नाही, मामा."

गाठोडी माझ्या हातातून गळून पडली.

लोक पाहून राहिले होते, मला पर्वा नव्हती. मी त्या रिकाम्या जागेकडे पाहून बोललो. काठी मी काढली. ही पोरगी खोटं बोलली. तुला यायचं असेल तर माझ्यासोबत ये.

रुचिकाने गाठोडी उचलून माझ्या हातात दिली. रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"त्यांना माहीत आहे," ती म्हणाली. "पण तुम्ही गप्प बसलात. सोबतीला हो मी म्हणाले."

मोहाडीला आल्यावर मी शकुनबाईकडे गेलो आणि सगळं कबूल केलं. दोघांच्या पाया पडलो. मीच नवी डहाळी तोडून तिथे ठेवायला निघालो, तर नत्थूने अडवलं. म्हणाला, "आता तिथं कोनी डहाळी टाकत नाई, भाऊ. पाखरं बसाले लागली ढिगावर. तिथं कोनी रायलंच नाई."

तुम्ही खाली विचाराल, मांत्रिकाकडे का नेलं नाही, डॉक्टरकडे का नेलं नाही, नक्षलवादी दिसले का, वाघ दिसला का. सगळे हेच विचारतात. माझं डोकं उठते. रुचिकाला विचारलं तर ती म्हणते, तिला काही त्रास नाही. आता भटकायला जात नाही, एवढंच. त्यांना दम लागतो म्हणे.

ताईला यातलं काही माहीत नाही. पोरीचं भटकणं सुटलं म्हणून ती खूश आहे. नात्यात लग्नकार्य असलं की चारचौघांत माझ्या ताटात हाताने जिलबी वाढते आणि म्हणते, मामा असावा तर आमच्या हेमराजसारखा, याच्यामुळे पोरगी मार्गी लागली.

सगळे माझ्याकडे कौतुकाने पाहतात. रुचिका समोरच्या पंगतीत बसलेली असते, शेजारच्या पानावर कोणाला बसू न देता.

मी मान खाली घालतो आणि जेवतो.