एक्केचाळिसावं केंद्र

नव्या डॉक्टरांना प्रशिक्षणासाठी आरोग्य केंद्रं वाटून देणारी प्रणाली मी लिहिली, तेव्हा यवतमाळच्या कार्यालयात माझा सत्कार झाला. म्हणजे चहा दोनदा आला. डॉक्टरांनी केंद्रांची पसंती लिहायची, केंद्रांनी डॉक्टरांची, आणि कॉम्प्युटरनं जोड्या लावायच्या. वशिल्याला जागा नाही.

गेल्या वर्षी डॉक्टर एक्केचाळीस, केंद्रं चाळीस. आकडा जुळावा म्हणून मी एक खोटं केंद्र घातलं: सोनकुंडी. नकाशात नसलेलं नाव मुद्दाम शोधलं होतं. ज्याला ते मिळेल त्याला 'प्रतीक्षेत' असं कळवायचं. ते रजत नावाच्या मुलाला मिळालं. कळवायचं मी विसरलो.

यंदा यादीत नुकतीच डॉक्टर झालेली माझी मुलगी सुरभी होती. पुन्हा डॉक्टर एक्केचाळीस, केंद्रं चाळीस, म्हणून सोनकुंडी तशीच ठेवली.

सोमवारी वामनराव क्लार्क केंद्रांच्या पसंतीची पाकिटं घेऊन आले. मी मोजली. एक्केचाळीस.

शेवटच्यावर सोनकुंडीचा गोल शिक्का. आतल्या कागदाला डेटॉलचा वास. पहिल्या रकान्यात सुरभीचं नाव. बाकीचे रकाने कोरे.

"वामनराव, हे केंद्रच नाही."

"नाही कसं, सर? रजत डॉक्टरची हजेरी दर महिन्याले येऊन राह्यली नं. एक खाडा नाही."

"तुम्ही त्याला पाह्यलं?"

"तिकडं पाहाले कोन जाते?"

मी सोनकुंडी पुसली. प्रणाली चालवली. सुरभीला बोरी अरबचं केंद्र मिळालं. जो मुलगा उरला, त्याला मी स्वतः फोन करून कळवलं.

घरी आलो तर सुरभी बॅग भरत होती.

"रजत सरांचा फोन आलता, बाबा. दुसरं कोणी आल्याबिगर त्यांना सोडत नाहीत म्हणे."

"कोण सोडत नाही?"

तिनं खांदे उडवले.

तब्येतीचं कारण देऊन मी तिला घरीच ठेवलं. मी शिकवतो त्या कॉलेजातून मीही महिनाभर सुटी घेतली. ती माझ्या डोळ्यांपुढून हलली नाही.

एक तारखेला वामनरावांनी बोलावलं. सोनकुंडीची हजेरी आली होती. रजतच्या नावापुढे 'कार्यमुक्त'. त्याखाली सुरभीची सही.

तीसही दिवस.

धावत घरी आलो. ती टेबलाशी जेवत होती.

"तू कुठं गेलतीस?"

"इथंच नं, बाबा."

तिनं मला पोळी वाढली. हाताला डेटॉलचा वास होता.

मग खाली मान घालून तिनं विचारलं, "पुढच्या वर्षीच्या यादीत कोण कोण आहे?"