ताबा सुटेपर्यंत

गडहिंग्लजच्या बाजारातलं वैजयंताबाईंचं मिरची कांडप त्या सकाळी बंद होतं, आणि मिरची कुटणाऱ्या डंकांच्या दणदणाटाऐवजी आत एक डबा बारीक गुणगुणत होता. चहाच्या डब्याएवढाच. त्याचं नाव साक्षी. त्याची चकती बाईंच्या गळ्याला चिकटवली होती; आवाजातला कंप, नाडी आणि श्वास यांवरून बोलणाऱ्याचा खरा हेतू ओळखणारं ते यंत्र. सरकारनं वारसा कर आणला, त्याच वर्षी तेही आलं.

बाईंचं यकृत निकामी होत चाललं होतं. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, फार तर तीन आठवडे. बायपास रस्ता झाल्यापासून जागेचे भाव असे काही चढले होते, की कर भरायचा म्हटला तर लेकीला, मयूरीला, कांडप, मागच्या राहत्या खोल्यांसकट, विकावंच लागलं असतं. वाट एकच उरली होती, आईनं जिवंतपणी बक्षीसपत्र करून देण्याची.

"बक्षीसपत्रं पूर्वीही व्हायची," वकील पाच्छापुरे म्हणाले. "पण लोक कागदावर देऊन टाकायचे आणि किल्ल्या मरेपर्यंत आपल्याच कमरेला! म्हणून आता ताबा मनातूनही सुटावा लागतो. मावशी, एकदा उंबरा ओलांडला की झालं. नंतर एका रात्रीपुरत्या जरी इथं राहायला आलात, तरी बक्षीस रद्द."

"राहते की बहिणीकडं. माझ्या पोरीच्या पोटावर पाय नको यायला. चला, उरका."

हट्टी बाई! नवऱ्याचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी हिनं डंक सुरू केले, ते तीस वर्षं शिंकत-खोकत चालवले. आताही विचारलं त्याला ठणकावून उत्तर. जागा दिली? दिली. यंत्रं दिली? दिली. डब्यावरचा दिवा हिरवाच राहिला. मग मयूरीच्या खांद्यावर हात टाकून त्या उठल्या, एकेक पाऊल टाकत उंबऱ्याबाहेर पडल्या, मागं वळल्या आणि म्हणाल्या, "येते गं."

दिवा लाल झाला. "परत येण्याचा हेतू आढळला," डबा म्हणाला.

मयूरीचं डोकंच फिरलं. "अहो, आपल्यात निघताना कुणी 'जाते' म्हणतं का? ते अभद्र! ह्या डबड्याला मराठी शिकवलं तरी कुणी?"

"तक्रार करता येईल," पाच्छापुरे चाचरत म्हणाले. "पण सुनावणीला सहा महिने..."

"थांबा." बाईंनी दाराची चौकट घट्ट धरली. जो शब्द त्यांनी जन्मात घरात कुणाला काढू दिला नव्हता, तो त्यांनी काढला. "जाते."

दिवा तरीही लालच.

मग मयूरीच्या लक्षात आलं. दोष शब्दाचा नव्हताच. डब्यानं बरोबर ओळखलं होतं, आईला खरंच परत यायचं होतं.

"काय करू गं, सुटतच नाही," बाई पुटपुटल्या. त्यांची नजर मसाल्याच्या पोत्यांवर होती. "दगडफूल तू अजून जास्तच घालतेस."

मयूरीनं दोन्ही खांदे धरून आईला सरळ समोर उभं केलं.

"आई, दगडफूल मी माझ्या हातानं घालीन. चुकलं तर माझं चुकेल. माझं मी बघते. तू आता येऊ नकोस."

बाईंच्या डोळ्यांत आधी राग चढला, मग पाणी, आणि शेवटी त्या चक्क हसल्या. "इतकं बोलायला आलं होय तुला!" चौकटीवरचा हात खाली आला.

दिवा हिरवा झाला.

पाच्छापुऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकून कागदावर शिक्का मारला. बाहेर रिक्षात बसून बाई बहिणीच्या घरचा रस्ता सांगत होत्या. मयूरी निघाली, पण दारातच अडखळली.

"वकीलसाहेब," तिनं हळूच विचारलं, "उद्या-परवा तिला जास्त झालं आणि ती म्हणाली, मयूरे, मला घरी ने, तर मी तिला काय सांगू?"