बारावी बाटली

मालकांचा जीव दोन गोष्टींत: खोकल्याच्या औषधाचा कारखाना आणि चित्रं. घरातल्या ओलीनं चित्रांना बुरशी धरायला लागली, तेव्हा त्यांना कारखान्यातली नमुन्यांची खोली आठवली. प्रत्येक बॅचच्या बारा बाटल्या तिथे जपून ठेवत. उद्या कुणाची तक्रार आली, तर तपासून पाहायला. वर्षभर गार, कोरडी हवा. चित्रांना याहून चांगली जागा कुठे मिळणार? त्यांनी शेवटच्या बॅचच्या बाटल्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवल्या. दोन महिन्यांचा तर प्रश्न होता. थोरल्या भावाला, म्हणजे कारखान्याचे केमिस्ट असलेल्या दादांना, सांगायचं तेवढं राहून गेलं.

ऐन उन्हाळ्यात त्या बॅचची तक्रार आली. औषध आंबलंय.

"माझी बॅच चांगली आहे," दादा शांतपणे म्हणाले. "ठेवलेल्या बाटल्या काढ."

मालकांनी स्वतः आणून दिल्या. बाराच्या बारा आंबलेल्या. शेडच्या उन्हानं नासल्या हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण तोंड काही उघडलं नाही. दादांची अब्रू गेली, लायसन्स गेलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन राहिले ते.

बावीस वर्षं झाली. एक वाक्य पुरलं असतं हो, पण मेलं ते ओठांवर येईना.

नमुन्यांच्या खोलीतलं मालकांचं आवडतं चित्र एका रिकाम्या फळीचं होतं. एका सोमवारी झाडणारी बाई म्हणाली, "साहेब, चित्रात ही बाटली आधी नव्हती ना?"

नव्हती. चित्रं साफ करणाऱ्या कारागिरानं भिंगातून पाहिलं. "रंग जुनाच आहे. मागाहून काढलेली नाही."

लेबलवर त्याच बॅचचा नंबर होता.

मग दर सोमवारी एक वाढू लागली. दादांकडे जायचं, खरं सांगून टाकायचं, असं रोज ठरायचं. पुढच्या आठवड्यात नक्की. असं करता करता अकरा झाल्या.

बाराव्या सोमवारी फळी रिकामी होती.

चित्राखाली, जमिनीवर, एक बाटली उभी होती. खरीखुरी. हाताला गार.

त्यांनी ती प्रयोगशाळेतल्या मुलीकडे दिली. दुपारी ती म्हणाली, "औषध एकदम चोख आहे, साहेब."

त्यांनी तिथूनच दादांच्या घरी फोन लावला. वहिनींनी उचलला.

"वहिनी, दादाला सांगा, त्याची बॅच चांगली होती. चूक माझी होती."



"उशीर केलात, भाऊजी. सकाळीच गेले ते."

मालकांनी फोन ठेवला. रडू आलं, तेही बावीस वर्षं उशिरा.

"साहेब," मुलगी हळूच म्हणाली, "रिपोर्टवर सही कुणाची घेऊ? बाटलीवर तपासणाऱ्याची आहे, पण..."

त्यांनी लेबल पाहिलं. दादांचंच वळण. खाली आजची तारीख.

मुलीनं बोट पुढे केलं. त्याला निळी शाई लागली होती, अजून ओली.