पहिल्या चौथऱ्यावरची गाडी

पहिला चौथरा रिकामा होता.

बाकीचे सगळे भरलेले होते. कंपनीच्या मोटारसायकली काचेच्या दालनात एका रांगेत उभ्या होत्या, पॉलिश करून, डोक्यावर दिवे टांगून. रांगेच्या सुरुवातीला, जिथे संस्थापकांनी स्वतःच्या हातांनी बांधलेली पहिली गाडी असायची, तिथे आज तेलाचा एक डाग तेवढा होता.

"एका मोटारसायकलीसाठी मला बोलावलंत?" इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "हवालदार पुरला असता."

"मॅडम, ती मोटारसायकल नाही. तो आमचा वारसा आहे," मेव्हणे म्हणाले.

हे धाकट्या मालकांचे मेव्हणे. कंपनीची जाहिरात यांच्याकडे. 'वारसा' हा शब्द ते चहात साखर घालावी तसे प्रत्येक वाक्यात घालायचे. बाईंना पहिल्या पाच मिनिटांतच त्यांचा वीट आला.

दालनाबाहेर बातमीदारांची गर्दी होती. पोलिसांच्याही आधी येऊन त्यांचे कॅमेरे लावून झाले होते. रस्त्यापलीकडच्या मैदानात संध्याकाळच्या समारंभाचा मंच सजला होता. कंपनीची नवी गाडी, 'मूळ', आज लोकांसमोर येणार होती. मंचावर दोन गाड्या वेगवेगळ्या लाल कापडांखाली झाकून ठेवल्या होत्या.

"नवी गाडी एकच ना?" बाईंनी विचारलं.

"एक शोभेला," मेव्हणे म्हणाले आणि लगेच दालन दाखवायला लागले.

ही सपाट रस्त्याची. ही डोंगराची, हिने गतिरोधकापेक्षा उंच काही पाहिलं नसावं. ही उंच दांड्याची, आरामात बसायची. ही दोन सिलिंडरची, ज्याला एकाचा आवाज पुरत नाही त्याच्यासाठी. सगळ्यांच्या टाक्या थेंबासारख्या, दिवे गोल, बसायच्या सीटचं चामडं आधीच झिजलेलं. म्हणजे जुनेपणासुद्धा कारखान्यातच लावून मिळत होता. आत मात्र बटणावर चालू होणारं इंजिन आणि मोबाईल चार्ज करायची सोय. नातवाने आजोबांचा कोट घालून मिरवावं, तशातला प्रकार. बाईंना हसू आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

"चोर कोण ते आम्हाला माहीत आहे," मेव्हणे म्हणाले. "फक्त त्याने कबूल करायचं राहिलंय."

चोर म्हणजे उस्ताद. जन्मभर कंपनीच्या जुन्या गाड्या चालवून तपासणारे, आता दालनाची राखण करणारे. पहिली गाडी दर आठवड्याला सुरू करून आवारात फिरवायची, हे त्यांचंच काम. दालनाची एक किल्ली त्यांच्याकडे, दुसरी मालकांच्या कपाटात.

उस्ताद कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. अंगात कंपनीचं तपकिरी जाकीट, पायात कंपनीचे तपकिरी बूट. उजव्या बुटाच्या टोकावर, वरच्या बाजूला, चामडं काळं पडून पार झिजलं होतं.

"गाडी तुम्ही नेली?"

"नाही."

"मग ही कबुलीची काय भानगड?"

"कबूल नाही केलं अजून. विचार करतोय."

"म्हणजे काय?"

उस्ताद खाली बघत म्हणाले, "मालक म्हणतात, गाडी त्यांची माणसं शोधून आणतील. मी संध्याकाळी मंचावर सगळ्यांसमोर माफी मागायची. म्हणायचं, गाडीवर जीव होता, मोह झाला. मग ते मला माफ करणार, तक्रार मागे घेणार. नाही मागितली तर तुमच्या ताब्यात देणार. आणि माझा जावई इथे जुळणीवर कामाला आहे. त्याची नोकरी जाणार."

"कोण म्हणालं नोकरी जाणार?"

"जावईच म्हणाला."

जावई दाराशीच घुटमळत होता. बाईंनी बोट वाकवून त्याला आत घेतलं. कंपनीचीच आजकालची गाडी चालवत कामावर येणारा तरणाताठा माणूस, पण मनाचं बळ कमी. त्याच्या डाव्या बुटाच्या टोकावर काळा घट्टा होता. उजवा बूट साफ होता.

"सासऱ्यांच्या घरी किल्ली कुठे असते माहीत आहे?"

"देवघराशेजारच्या खुंटीला. पण मी नाही हात लावला, मॅडम."

"सासऱ्यांनी लावला?"

जावई सासऱ्यांकडे न बघता म्हणाला, "मामा, मागून टाका ना माफी. दोन शब्दांचं काम आहे. माझी पोरं लहान आहेत."

बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो एक पाऊल मागे सरला.

"ते राहू दे. मला एवढंच सांग, या गाड्यांचा गिअर कुठल्या पायाला?"

"सगळ्यांचा डाव्या, मॅडम. उजव्या पायाला ब्रेक. फक्त ती पहिली उलटी होती. गिअर उजवीकडे, ब्रेक डावीकडे. पूर्वी तशाच असायच्या."

"बरोबर. माझ्या वडिलांकडे तशीच होती," बाई म्हणाल्या. मग मेव्हण्यांकडे वळल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

मेव्हण्यांनी जाकीट नीट केलं. "रंग मात्र अगदी तोच ठेवलाय आम्ही." त्यांचे बूट दुकानातून आणल्यासारखे कोरे होते, दोन्ही. वारशाचा हा पुजारी घरी जायचा तो काचा बंद करून, गार हवा सोडून, मोटारीतून.

मग फाटकावरचा पहारेकरी आला.

"पहाटे आवाज ऐकला. त्या गाडीचा आवाज लपत नाही, मॅडम. मला वाटलं उस्तादच. जाकीट होतं, हेल्मेटची काच खाली होती. मी अडसर उचलायला गेलो."

"थांबली गाडी?"

"नाही ना. थांबायच्या ऐवजी एकदम किंचाळली, आणि खांबाला घासून गेली. पुढच्या चाकावरचा पत्रा चेपला असणार."

"ब्रेक दाबलाच नाही?"

"दाबला की. उजवा पाय जोरात खाली गेलेला मी पाहिला. मनात म्हटलं, उस्ताद म्हातारे झाले."

उस्तादांनी मान वर केली. दिवसभरात पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत राग दिसला.

शेवटी धाकटे मालक आले. आजोबांनी कंपनी काढली, वडिलांनी वाढवली, यांनी तिचं चिन्ह बदललं. चालण्यात ऐट, हातात हातमोजे.

"मॅडम, म्हाताऱ्याला त्रास देऊ नका. मी त्याला माफ करायचं ठरवलंय."

"मोठं मन आहे तुमचं. पहाटे कुठे होता?"

"घरी, झोपेत."

"पहिली गाडी कधी चालवलीत?"

"कधीच नाही. आजोबांच्या गाडीवर बसायची माझी लायकी नाही."

हे शेवटचं त्यांनी बातमीदारांना ऐकू जाईल इतपत मोठ्याने म्हटलं. बाई मात्र खाली पाहत होत्या. मालकांच्या डाव्या बुटावर जुना, मुरलेला घट्टा होता. उजव्या बुटाच्या टोकावरही काळा ओरखडा होता. तो ताजा होता.

"चला, मंचावर जाऊ," बाई म्हणाल्या.

"तिथे कशाला?" मेव्हण्यांचा आवाज चिरकला.

"वारसा बघायला."

सगळी वरात रस्ता ओलांडून मैदानात गेली. बातमीदार मागोमाग. बाईंनी मंचावर चढून दुसरं लाल कापड ओढलं. खाली पहिली गाडी उभी होती. पुढच्या चाकावरचा पत्रा चेपलेला, त्यावर फाटकाच्या खांबाचा पांढरा रंग.

बाईंनी ध्वनिक्षेपक हातात घेतला.

"चोरी झालीच नाही. गाडी फाटकातून निघाली ती समोरच्या मैदानात आली. नवी गाडी खपवायला गोष्ट हवी होती. वारसा चोरीला जातो, मालक तो शोधून काढतो, म्हाताऱ्या चोराला मिठी मारतो, लोक डोळे पुसतात. म्हणून पोलिसांआधी बातमीदारांना फोन गेले. या गोष्टीत एक चोर लागत होता. तो त्यांनी घरातलाच घेतला. ज्याला उलट बोलता येणार नाही, असा."

"गाडी उस्तादांनीच नेली असेल," मेव्हणे घाईने म्हणाले. "इथे लपवली असेल."

"मग खांबाला धडकली कशी? पहारेकऱ्याने उजवा पाय खाली गेलेला पाहिला. या गाडीत उजव्या पायाखाली ब्रेक नाही, गिअर आहे. तो लाथाडला की गिअर सुटतो, इंजिन मोकळं होऊन किंचाळतं आणि गाडी थांबत नाही. नेमकं तेच झालं. ज्याचा जन्म या गाडीवर गेला तो घाबरला तरी डावाच पाय दाबेल. उजवा दाबणारा माणूस नव्या गाड्यांवर वाढलेला आहे. म्हणजे जावई, नाहीतर मालक. मेव्हण्यांना तर कुठलीच चालवता येत नाही."

बातमीदारांत खसखस पिकली.

"आता बूट बघा. गिअर वर उचलताना बुटाच्या वरच्या बाजूला डाग पडतो. ब्रेक तळव्याने दाबतात, त्याचा डाग वर पडत नाही. नवी गाडी चालवणाऱ्याच्या डाव्या बुटावर डाग हवा, उजवा साफ हवा. जावयाचा तसाच आहे. मालकांच्या उजव्या बुटावर ताजा डाग कुठून आला? या कंपनीत उजव्या पायाने गिअर उचलावा लागतो अशी गाडी एकच आहे. आणि त्यांनी ती कधीच चालवलेली नाही, असं आत्ताच सांगितलं."

मालकांनी उजवा पाय डाव्याच्या मागे नेला. शाळेत नखं तपासताना पोरं हात मागे नेतात, तसा.

"गाडी माझीच आहे," ते पुटपुटले. "स्वतःच्या गाडीची चोरी होत नाही."

"गाडीची नाही होत. पण निरपराध माणसाचं नाव घालून खोटी तक्रार दिलीत, तो गुन्हा होतो. चौकीत यायचंय. त्याआधी इथे सांगा, गाडी कोणी नेली."

"जरा गैरसमज..."

"गैरसमजाला जाकीट आणि हेल्मेट लागत नाही. कोणी नेली?"

"मी," मालक म्हणाले. ध्वनिक्षेपकातून ते पार रस्त्यापर्यंत गेलं.

मेव्हणे तेवढ्यात बाईंच्या कानाशी लागले होते. "मॅडम, उस्तादांनी आता गाडीवरून मैदानात एक फेरी मारली तर? लोकांना फार आवडेल." बाईंनी सोबतच्या शिपायाला सांगितलं, "यांनाही घे."

मंचावरची गर्दी ओसरली. उस्ताद गाडीच्या चेपलेल्या पत्र्यावरून हात फिरवत उभे होते. जावई धावत आला आणि त्यांच्या पायांशी वाकला.

"मामा, मला माहीतच होतं तुम्ही असं करणार नाही."

उस्तादांनी पाय मागे घेतले.

"मालकाला माहीत होतं," ते म्हणाले. "तुला नव्हतं."

आणि ते पायऱ्या उतरून एकटेच घराकडे निघाले.