अमरची पाळी

गुडीहत्नूरच्या बुद्धविहारामागच्या सभागृहात दर एप्रिलात कॅरमच्या जोड्यांची स्पर्धा भरते. उटनूरहून, मुधोळहून, पार किनवटहून जोड्या येतात. बाहेर हायवेचं डांबर पातळ होत असतं आणि आत पंखे बंद, कारण पंख्यानं पावडर उडते. माणसं घामानं निथळतात, पण जागचं कुणी हलत नाही. आता वेडच ते, त्याला काय करणार.

भिंतीवर आजवरच्या विजेत्यांचे फोटो. शेवटच्या फोटोत धम्मपाल मास्तर आणि त्याचा धाकटा भाऊ अमरदीप एकच ढाल धरून हसताहेत. अमरदीप हिवाळ्यात गेला. हायवेवर, मोटारसायकलवरून घरी येताना. तेव्हापासून धम्मपाल शाळेत जायचा, फळ्यावर लिहायचा, घरी येऊन जेवायचा. जीव मात्र कशातच नव्हता. भावाला एकदा, फक्त एकदा समोर बसलेलं बघायचं, एवढंच त्याच्या मनात घोळत राही.

पहिला बोर्ड मागच्या विजेत्यांचा. त्यातला एखादा वारला असेल तर त्याची खुर्ची रिकामी ठेवतात आणि त्याच्या पाळीला स्ट्रायकर बोर्डाच्या लाकडी काठावर ठेवतात. काठावर, रेषेवर नाही. पावडर बसेपर्यंत सगळे गप्प राहतात, मग शेजारचा खेळाडू स्ट्रायकर उचलून पुढं खेळतो. मेलेल्याला मान द्यायचा, पाळी द्यायची नाही. असं जुन्या लोकांनी ठरवलं, आणि त्यावर कधी कुणी शंका काढली नाही.

त्या दुपारी विरुद्ध जोडीत होते मुधोळचा भाजीवाला संतोष आणि रिटायर झालेले कारकून सुधाकरराव, दोघंही जुने विजेते. धम्मपालच्या समोर रिकामी खुर्ची. बायकांच्या रांगेत अमरदीपची बायको प्रतिभा.

धम्मपालनं बोर्ड फोडला, म्हणजे पांढऱ्या सोंगट्या त्याच्या जोडीच्या. संतोषनं एक काळी घेतली, दुसरी चुकवली. मग अमरची पाळी आली.

धम्मपाल उठला, पलीकडं गेला, आणि स्ट्रायकर रेषेवर ठेवला. डावीकडं, जिथं अमर नेहमी ठेवायचा तिथंच.

"मास्तर, काठावर ठेवा ना," सुधाकरराव हळूच म्हणाले. "रेषेवर काऊन ठेवून राह्यले?"

"राहू द्या, काका," धम्मपाल म्हणाला आणि आपल्या जागी येऊन बसला.

पावडर बसली. सुधाकररावांनी स्ट्रायकर उचलायला हात पुढं केला, तेवढ्यात टक् असा आवाज झाला. भोकाच्या तोंडाशी असलेली पांढरी सोंगटी आत पडली.

"ट्रक गेला हायवेवरून," संतोष म्हणाला. "हादरा बसला."

ट्रकचा आवाज कुणालाच आला नव्हता.

सोंगटी गेली की पाळी त्याचीच राहते, हे लहान पोरालाही ठाऊक. सगळे धम्मपालकडं बघू लागले. तो उठला.

"ठेवू नका, भाऊजी," प्रतिभा म्हणाली.

त्यानं ठेवला.

या वेळी स्ट्रायकर सरळ गेला, कडेला लागून वळला आणि लांबची पांढरी घेऊन गेला. अमरचाच फटका, डोळे मिटून ओळखावा असा. धम्मपालनं पुन्हा ठेवला. पुन्हा एक गेली, मग एकामागून एक जात राहिल्या. राणी गेली, तिच्या मागोमाग पांढरी गेली. सभागृहातली माणसं एकेक करत भिंतीला टेकली. दार उघडं होतं, पण पळायला कुणाचे पाय उचलेनात. धम्मपाल मात्र हसत होता, आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.

शेवटी एकच पांढरी उरली, धम्मपालच्या पुढ्यात, अगदी सोपी. स्ट्रायकर निघाला आणि तिच्या अलीकडं थांबला. अमर जिंकत आला की शेवटची सोंगटी मुद्दाम चुकवायचा. दादा, ती तुझी, म्हणायचा.

सुधाकररावांनी आपली पाळी कशीबशी ढकलली. स्ट्रायकर धम्मपालपुढं आला.

सोंगटी पडली की बोर्ड संपला. नाही पडली, तर पाळी फिरत फिरत पुन्हा समोरच्या खुर्चीकडं जाणार. धम्मपालला चुकवायचं होतं. आज चुकवायचं, उद्या चुकवायचं, जन्मभर चुकवायचं.

"घ्या, भाऊजी," प्रतिभा म्हणाली. तिचा आवाज फुटला. "थकले असतील ते. जाऊ द्या त्यायले."

धम्मपालनं स्ट्रायकर रेषेवर ठेवला. मग बोट उचललं.

सोंगटी पडली.

सभागृहात कुणीतरी मोठा श्वास सोडला. सुधाकररावांनी कपाळ पुसलं.

बोर्ड जिंकला की जोडीदार बोर्डावरून हात मिळवतात. सवयीनं धम्मपालचा हात पुढं गेला.

रिकाम्या खुर्चीसमोर तो अधांतरी थांबला. काहीतरी धरल्यासारखी बोटं मिटली.

"जा, अमर," तो म्हणाला. "जा बाबा आता."

"हात मागं घ्या, मास्तर," सुधाकरराव म्हणाले.

धम्मपालनं मान डोलावली. एकेक करत त्यानं आपली पाचही बोटं उघडली.

हात सुटला नाही.