गाडी दिसेनाशी होईपर्यंत

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर वाचू नका, कुणाची जबरदस्ती नाही.

आणि ही रात्रीची नाही. भुतं रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, ते सुखी लोक. ही फेब्रुवारीतल्या एका सकाळची गोष्ट आहे. जपानातल्या आकिताचे डोंगर, छातीएवढा बर्फ, आणि वर डोळे दिपवणारं ऊन.

गरम झऱ्यावरच्या त्या र्‍योकानचं खरं नाव सांगत नाही. ते पाहुणेघर अजून चालू आहे. पाहुणे येतात, झऱ्यात डुंबतात, माशावर ताव मारून जातात. आपण त्याला तोचिया म्हणू. मी तिथं टोफू पोचवतो. पुढचं सगळं मला तोचियाच्या सुनेनं, मित्सुएनं, स्वतःच्या तोंडानं सांगितलंय.

तोचियाची मालकीण किनुयो. ऐंशीला टेकलेली, पाठ ताठ, जीभ त्याहून ताठ. ही बाई कित्येक वर्षं फाटकाबाहेर पडली नव्हती. नवऱ्याला जाळायला नेलं, तेव्हाही नाही. दाढ ठणकली तर डॉक्टर वर यायचा. लोक म्हणायचे, काय ही घरावरची माया!

माया कसली...

ती घाबरत होती.

तिकडे रिवाज आहे. पाहुणा निघाला की माणसांनी फाटकाशी ओळीनं उभं राहायचं, कमरेत वाकायचं, मग हात हलवायचा. गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात खाली घ्यायचा नाही. सगळीकडेच आहे हे. पण तोचियासमोर दरी आहे. रस्ता दरीच्या पलीकडून वळणं घेत उतरतो. गाडी एका वळणावर लपते, पुढच्या वळणावर पुन्हा दिसते. पार शेवटचं वळण येईपर्यंत उभं राहायचं. अंगात ताप असो, नाहीतर पोटात पोर.

मित्सुए पोटुशी असताना अशीच उभी राहिली होती. बर्फाच्या वादळात.

"बायका काय पहिल्यांदाच गरोदर राहतात का?" सासू म्हणाली होती.

मूल राहिलं नाही. पुन्हा त्या घरात पाळणा हलला नाही. किनुयो त्यावर एवढंच म्हणाली, "पाहुणे मात्र खूश होऊन गेले."

तर ती सकाळ.

न्याहारीच्या वेळी किनुयोच्या छातीत कळ आली. हातातली भाताची वाटी पडली. ओठ निळे झाले.

"आई, दवाखान्यात चला."

"डॉक्टरला वर बोलवा."

"तो म्हणतो, तुम्हालाच खाली आणा. यंत्रं तिथं आहेत."

"मग इथंच मरते. तुझी सोय होईल."

"सोयच बघायची असती तर गाडी काढायला कशाला सांगितलं असतं?" मित्सुए म्हणाली.

तामोत्सु, किनुयोचा मुलगा, आईपुढं जन्मात न बोललेला माणूस. तेव्हाही बोलला नाही. सरळ तिला पाठीवर घेतलं आणि निघाला. म्हातारीनं दाराची चौकट धरली. नखं लाकडात रुतली.

"फाटकातून नको! तामोत्सु, मागच्या दारानं ने!"

मागचं दार बर्फात गाडलेलं होतं.

निरोपाला चौघं उभी राहिली. स्वयंपाकीण तोमे, दोन मोलकरणी आणि चपला सांभाळणारा म्हातारा. तामोत्सुनं गाडी हलवली. मित्सुएनं मागच्या काचेतून पाहिलं.

चौघं वाकली होती.

आणि टोकाला पाचवी...

अंगावर मोलकरणीचा पातळ निळा किमोनो. ना स्वेटर, ना शाल. ती वाकली नव्हती. तिचा हात वर होता.

"ती टोकाची कोण?" मित्सुएनं विचारलं.

"कुणी नाही." किनुयोनं मान वळवलीसुद्धा नव्हती. "मागं बघू नकोस."

न बघताच हिला कळलं, कुणाबद्दल विचारतेय...

पहिलं वळण आलं. तोचिया डोंगराआड गेलं. बर्फासाठी चाकांना बांधलेल्या साखळ्या तेवढ्या वाजत होत्या.

दुसऱ्या वळणावर दरीपलीकडचं फाटक पुन्हा दिसलं. चौघं आत निघून गेली होती. घरचीच गाडी, पाहुण्यांची थोडीच!

पाचवी तिथंच होती.

एवढ्या लांबून माणूस काडीएवढं दिसायला हवं. मित्सुएला तिच्या बाहीवरचं ठिगळ दिसत होतं. फुटलेले ओठ दिसत होते. फाटक लांब गेलं होतं. ती गेली नव्हती.

खोक्...

"तामोत्सु, तुम्ही खोकलात?"

"नाही."

खोक्... खोक्...

कोरडा, कोवळ्या छातीतला खोकला. सीटच्या मागून. किनुयोनं दोन्ही कानांवर हात दाबले.

"हात्सुए आहे ती," तामोत्सु म्हणाला. आरशात न बघता.

"गप्प बस!" आई ओरडली.

"आजवर गप्पच बसलो, आई."

मग त्यानं सांगितलं. मित्सुए लग्न होऊन आली, त्याच्या आदल्या हिवाळ्यातलं. हात्सुए ही वरच्या वाडीतली पोरगी. अंगात ताप, छातीत कफ. त्या दिवशी एक बडा ठेकेदार निघाला, आणि शेवटच्या वळणावर त्याची गाडी बर्फात रुतली. मागचा लाल दिवा फाटकातून दिसत राहिला. अंधारलं तरी दिसत राहिला. बाकीच्या मोलकरणी हळूच सटकल्या. हात्सुए नवी होती. तिला वाटलं, सांगितलंय तर उभं राहायचं.

"मी आईकडं धावलो. म्हटलं, तिला आत घे. आई काचेमागं बसली होती, पांघरुणाखाली शेगडीवर पाय टाकून. म्हणाली, दिवा दिसतोय ना? मग उभी राहू दे."

"शिस्त नको का?" किनुयो फणकारली. "मरायला सांगितलं होतं का मी तिला? यायचं होतं आत तर यायचं!"

"तू 'आत ये' म्हणाली नाहीस. तीही नाही आली." तामोत्सुचा आवाज फाटला. "आणि मीही नाही म्हणालो."

दिवा हलला तेव्हा हात्सुए उभ्या उभ्या गोठली होती. डॉक्टरनं न्यूमोनिया लिहिलं. कुणी मारलं, ते लिहायची पद्धत नाही. तिचा वर केलेला हात काही केल्या खाली येईना. शवपेटीचं झाकण बसेना. तिच्या आईबापांना तोचियाकडून टोपलीभर सफरचंदं गेली.

बस्स. एका पोरीच्या जिवाची एवढीच किंमत.

तिसरं वळण.

आता मागच्या काचेत फाटक नव्हतंच. नुसती ती. रस्त्याच्या मधोमध, भर उन्हात. चालत नव्हती, धावत नव्हती. तरी जवळ आली होती.

"आई, म्हणा तिला." मित्सुएनं काच खाली केली. गार वारा सपकन आत घुसला. "आत ये, एवढंच म्हणा. दोनच शब्द आहेत."

"नोकराणीला? मी?"

"जीव जाईल तुमचा!"

"मला शिकवू नकोस! पोर सांभाळता आलं नाही ती मला शिकवते!"

मग मित्सुएनंच खिडकीतून तोंड बाहेर काढलं. "हात्सुए-सान, आत या. पुरे झालं."

हात्सुएनं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तिचे डोळे किनुयोवर होते. पापणी लवत नव्हती.

शेवटचं वळण.

खोकला थांबला. साखळ्यांचा आवाज थांबला. गाडी चालत होती आणि कसलाच आवाज नव्हता...

मागची काच त्या निळ्या किमोनोनं भरून गेली. वर धरलेला हात, काळी पडलेली बोटं, बोटांवर बर्फ. मित्सुएनं काच वर केली होती, आत शेगडीसारखी ऊब होती, तरी किनुयोच्या तोंडातून पांढरी वाफ निघायला लागली.

अजून वेळ होता. दोन शब्द.

किनुयो वळली. पहिल्यांदाच तिनं मागं पाहिलं. तोंड उघडलं, आणि जे आयुष्यभर तोंडात होतं तेच बाहेर पडलं.

"हात खाली घे, सटवे!"

हुकूम ऐकायची सवय होती पोरीला.

हात खाली आला. हळूहळू...

आणि तो जसजसा खाली आला, तसतसा किनुयोचा हात वर जायला लागला.

तिनं दुसऱ्या हातानं धरला. दाबला. मित्सुए आणि ती, दोघी लोंबकळल्या त्या हाताला. तो वर गेलाच. कानाच्या पातळीला थांबला, तळवा बाहेर. निरोप देतात तसा.

गाडीनं वळण घेतलं. मागचा रस्ता रिकामा होता.

दवाखान्यात पोचले तेव्हा किनुयो संपली होती. पेटी आणली, झाकण ठेवलं.

झाकण बसलं नाही.

मालकीण झाल्यावर मित्सुएनं पहिलं काम केलं ते तो रिवाज मोडण्याचं. आता मोलकरणी आतूनच हात हलवतात आणि कामाला लागतात. दोन-चार जुने पाहुणे कुरकुरले. कुरकुरू देत.

पण हिवाळ्यात फाटकाशी, टोकाला, पाऊलभर जागेत बर्फ साचत नाही. आधीही साचत नव्हता, चपला सांभाळणारा म्हातारा सांगतो. तेव्हा तिथं ओल्या मातीत अनवाणी पावलांच्या खुणा असायच्या. लहान, फाकलेल्या बोटांच्या. आता खुणा मोज्यांच्या आहेत. अरुंद, मालकिणीच्या ऐटीत जुळवलेल्या.

आणि खोकला येत नाही. दातावर दात आपटल्याचा आवाज येतो. कडकड... कडकड... ऊन असलं तरी.

गेल्या आठवड्यात मी टोफू घेऊन गेलो तेव्हा मित्सुए दारातच उभी होती. तामोत्सु तिच्या मागं. पार वाकलाय तो आता.

"म्हण ना तिला आत यायला," तो पुटपुटत होता. "आई आहे गं माझी. तू मालकीण आहेस, तुझंच ऐकेल. दोनच शब्द..."

मित्सुए फाटकाकडं बघत राहिली. पोटावर हात ठेवून. मग शांतपणे म्हणाली,

"गाडी अजून दिसतेय."

आणि तिनं दार ओढून घेतलं.

मी फाटकाबाहेर येऊन दरीपलीकडं पाहिलं. शेवटच्या वळणापर्यंत सगळा रस्ता लख्ख दिसत होता.

त्यावर एकही गाडी नव्हती.

माझ्या पाठीमागं, फाटकाशी, दात वाजत होते. मला म्हणता आले असते ते दोन शब्द. मीही म्हटले नाहीत.