मान न वळवता

"हलू नकोस," माझ्या मागून, जरा उजव्या अंगाने, कोणीतरी पुटपुटलं. "तुझ्या गालावर डास बसलाय."

मी हलणार नव्हतेच. स्पर्धा संपली होती, सगळी बिगुल पथकं मैदानावर रांगा धरून सावधान उभी होती, आणि माइकवरून निकाल तळाच्या क्रमांकापासून वर वर चढत होता. याला आम्ही रिट्रीट म्हणायचो. रिट्रीटला मान वळवायची नाही, हसायचं नाही, नाक खाजलं तर खाजू द्यायचं. आमच्या पथकाच्या कॉस्टाबाई सांगायच्या, "पोरींनो, शेजारी वीज पडली तरी नजर समोर." भुरभुर पाऊस सुरू होता, टोपीच्या पिसांतून पाणी मानेवर उतरत होतं आणि तो डास माझ्या गालावर पंगत मांडून बसला होता.

"चावला का?" परत तोच आवाज.

"तुला काय करायचंय?" मी ओठ न हलवता म्हणाले.

"मला काही नाही. जागा चांगली निवडलीय त्याने, एवढंच."

मला हसू फुटलं… ते मी गिळलं, तर त्याची उचकी झाली. माझ्या डावीकडे फिलोमेना उभी होती, माझी जिवाभावाची मैत्रीण आणि तोंडाने फाटकी. ती समोर बघतच म्हणाली, "गप गं मेले, बाई बघतायत."

तो १९६४चा जून. मी ओलिंडा फुर्टाडो, अठरा वर्षांची, अमेरिकेतल्या फॉल रिव्हर गावच्या पोर्तुगीज वस्तीतली. वडील कापडगिरणीत, आई शिवणकामाला, आणि मी आमच्या चर्चच्या मुलींच्या पथकात हिरवं रेशमी निशाण घेऊन पहिल्या रांगेच्या उजव्या टोकाला.

आता कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण तेव्हा आमच्याकडे गल्लोगल्ली पथकं होती. चर्चचं एक, लढाईवरून परतलेल्या शिपायांच्या संघटनेचं एक, बंबवाल्यांचंसुद्धा एक. उन्हाळ्यात दर शनिवारी कुठल्या तरी शाळेच्या मैदानावर स्पर्धा असायची आणि जागा मिळावी म्हणून लोक जेवण टाकून यायचे. परीक्षक हातात पाटी घेऊन चालत्या रांगांमधून फिरत. एखादा पाय मागे पडला, एखादा बिगुल वाकडा झाला की पाटीवर रेघ, आणि गुणाचा एक दशांश गेला. त्या एका दशांशासाठी आम्ही तापल्या डांबरावर पाय भाजून घ्यायचो, आणि आमच्याइतकं सुखी कोणी नाही असं आम्हाला वाटायचं. खरंच तसं होतं.

आणि मिल सिटी कॅडेट्स! वूनसॉकेटच्या फ्रेंच मुलांचं पथक. त्यांना पहिल्यांदा ऐकलं तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. ती मुलं प्रेक्षकांकडे पाठ करून उभी होती. बिगुल इतके हळू वाजत होते, की कुठे तरी लांब कोणी वाजवतंय असं वाटावं. मग सगळी रांग एका झटक्यात वळली, बिगुल वर गेले… आणि तो आवाज कानांत शिरलाच नाही, सरळ छातीवर आला. माझ्या हातातला निशाणाचा दांडा थरथरायला लागला. बाकांवरची म्हातारी माणसं उभी राहिली, काहींनी टोप्या काढल्या. त्या आवाजाच्या तळाशी होते कॉन्ट्रा, म्हणजे खांद्यावर तोफेसारखे धरायचे सगळ्यात मोठे बिगुल. ते वाजले की पायाखालची जमीन गुणगुणते आहे असं वाटायचं. मला रडू आलं, आणि का आलं ते मला आजही नीट सांगता येत नाही.

ते दुसऱ्या राज्यातले आणि आम्ही मुली, म्हणून आयोजक रिट्रीटला आम्हा दोघांना कायम मैदानाच्या टोकाला शेजारी-शेजारी उभं करायचे. आमची निशाणं एक पाऊल पुढे असत, त्यामुळे त्यांच्या कोपऱ्यावरची मुलं माझ्या किंचित मागे येत. डासवाला आवाज तिथलाच होता.

पुढच्या शनिवारी तो परत आला.

"डाव्या बुटाची नाडी सुटलीय तुझी."

"खोटं."

"हो, खोटं. पण तू बोललीस ना."

त्याच्या पुढच्या शनिवारी मीच आधी म्हणाले, "आज तुमच्याकडून कोणी तरी एक सूर लवकर सोडला."

"कोणी तरी नाही, मीच तो. तू आमच्यासमोरून निशाण घेऊन गेलीस तेव्हा."

"म्हणजे खापर माझ्यावर?"

"परीक्षकाने रेघ माझ्या नावावर मारली. तुझ्या नावावर मी मारली."

हे असं चालायचं. निकाल वाचून होईपर्यंतची काही मिनिटं, आणि संपलं. मग त्यांचं पथक एका फाटकातून जायचं, आमचं दुसऱ्यातून, आणि कॉस्टाबाई आम्हाला कोंबड्या खुराड्यात घालाव्यात तशा बसमध्ये घालायच्या. त्याने एकदा नाव सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात बाकांवरून टाळ्यांचा कडकडाट झाला आणि नाव त्यात वाहून गेलं. घरी फोन करायची सोय नव्हती, फोन वडीलच उचलायचे. आमची ओळख मैदानावरच्या त्या चार पावलांची होती. मैदान गेलं की ओळखही जाणार, हे मला कळत होतं, आणि आठवडाभर निशाण फिरवताना माझा जीव शनिवारकडे लागलेला असायचा.

तो दिसतो कसा, हे मात्र मी माझ्यापुरतं हुडकून काढलं होतं. मैदानात शिरताना क्षणभर त्यांचा कोपरा दिसायचा. तिथे पहिल्या रांगेत एक उंच ढोलवाला होता, रुंद खांद्यांचा, हनुवटीवर खळी. फिलोमेना म्हणाली, "ओलिंडा, हा तुझा असेल ना, तर मी उद्यापासून रोज चर्चला जाईन."

जुलैअखेर आमच्या गावची स्पर्धा होती. मैदानामागे आमच्याच वस्तीतल्या बायका चोरीसोचे सॉसेज आणि मिरच्या परतून पावात घालून विकत होत्या, आणि धुरामागे तो उंच ढोलवाला रांगेत उभा दिसला. फिलोमेनाने मला कोपराने ढकललं. मी टोपी काढली, केस नीट केले आणि त्याच्यासमोर जाऊन म्हणाले, "काय रे, आज डास नाहीत वाटतं?"

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आपण ओळखतो का एकमेकांना?"

"…मी, पहिल्या रांगेतली. टोकाची."

"असशील." तो पाववालीकडे वळला. "ए, मोहरीची चटणी जास्त घाल गं त्यात."

मी हसले. पडलं की माणूस हसतं तसं, उगाच, मोठ्याने. तिथून निघताना एका बुटक्या मुलाला धडकले, त्याच्या हातातला पाव पडला. मी 'सॉरी'सुद्धा म्हटलं नाही.

त्या संध्याकाळी रिट्रीटला मी दगड होऊन उभी राहिले. मागून आवाज येईल, मग मी उत्तर देणार नाही, असं ठरवून ठेवलं होतं. आवाज आलाच नाही. पुढच्या शनिवारीही नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी मीच हळूच म्हणाले, "आहेस का?" कोणी बोललं नाही. माझ्या मागे इतकी शांतता होती, की तिथे आता कोणी उभंच नाहीये असं वाटलं.

हंगामाचा शेवटचा मोठा सामना ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी होता. मोठं मैदान, चहूबाजूंनी बाकं, माणसांचा समुद्र. दुपारी मागच्या वाहनतळावर पथकं सराव करत होती आणि मी सरळ त्या उंच ढोलवाल्यासमोर जाऊन उभी राहिले. माझा ताबा सुटला होता.

"दोन महिने कानाशी लागून बोलायचं आणि समोर आले की ओळख दाखवायची नाही? तुमच्याकडे यालाच सभ्यपणा म्हणतात का?"

त्याने ढोलाच्या काठ्या काखेत मारल्या. मग त्याची हनुवटी हळूहळू खाली आली. "अगं बाई… तू *ती* आहेस होय."

"कोण ती?"

"मी रिट्रीटला तोंडसुद्धा उघडत नाही. आमचे मास्तर सोलून काढतील. बोलतो तो माझ्या मागचा, दुसऱ्या रांगेतला. लुसिएन. कॉन्ट्रावाला." तो कपाळावर हात मारून घेत म्हणाला, "आणि त्याला वाटतंय, तुला मी आवडलो. त्या दिवशी पावाच्या गाडीशी तो मागेच उभा होता. तू माझ्याशी हसलीस आणि त्याला धक्का देऊन निघून गेलीस."

त्या बुटक्या मुलाचा चेहरा आठवायचा मी प्रयत्न केला. आठवला फक्त पडलेला पाव.

"कुठंय तो? आत्ता सांग."

"मंगळवारी एकवीस पूर्ण झाले त्याला." तो एकदम गंभीर झाला. आम्हा सगळ्यांना त्या वाक्याचा अर्थ माहीत होता. आमच्या स्पर्धेत एकविसाव्या वाढदिवसाला गणवेश उतरवून ठेवायचा, मग हंगाम मधेच का असेना. "गणवेश जमा केला. बसबरोबर आलाय, सामान उचलायला. उद्याच कनेटिकटला चाललाय, मामाच्या गोदीत कामाला. यापुढे मैदानावर काय येणार तो?"

आमच्या रांगेतून कॉस्टाबाईंची शिट्टी वाजली. मी त्याची बाही धरली.

"त्याला निरोप दे. म्हणावं, मी चुकले, मला तुझा चेहराच माहीत नव्हता. म्हणावं, रिट्रीट संपली की आम्ही मोठ्या फाटकातून बाहेर पडू. तू उजवीकडच्या कठड्याशी उभा राहा. मला मान वळवता येणार नाही, तूच बोल. मी आवाज ओळखीन. आणि नाही बोललास तर… तर मी समजेन."

"एवढं सगळं लक्षात राहणार नाही माझ्या."

"ठेव लक्षात. नाही तर पुढच्या वर्षी तुझ्या ढोलाला भोक पाडते."

त्या दिवशी मी कशी चालले ते फिलोमेनाला विचारा. ती म्हणते, निशाण माझ्या हातात नव्हतं, मीच निशाणाच्या हातात होते. आम्ही पाचवे आलो. मुलींचं पथक त्याआधी कधीच इतकं वर आलं नव्हतं. कॉस्टाबाई पदराने डोळे पुसावेत तसे हातमोज्याने पुसत होत्या. मिल सिटी कॅडेट्स पहिले आले. माझ्या मागे, दुसऱ्या रांगेत, त्याची जागा रिकामी ठेवूनच ते उभे होते; मैदानात शिरताना मी पाहिलं होतं.

मग हुकूम झाला आणि आम्ही निघालो.

आणि तेव्हा मला माझी चूक कळली. शेवटच्या सामन्यानंतर बाहेर पडताना सगळी पथकं एकत्र वाजवतात. लहानपणापासून मी हे बघत आले होते. अंगणात खेळणाऱ्या पोरीलासुद्धा ठाऊक होतं. आणि मी एका मुलाला सांगून बसले होते, की तिथे माझ्याशी हळूच बोल.

शेकडो बिगुल एकदम उठले. मी अजूनही कुठे तसा आवाज ऐकलेला नाही. उतरतं ऊन पितळेवर पडून सगळं मैदान पेटल्यासारखं झालं होतं. ढोलांनी फाटकाखालची फरशी हादरत होती. माणसं ओरडत होती, पण त्यांची नुसती तोंडं हलत होती, आवाज नव्हताच. फक्त ते बिगुल. इतकं मोठं, इतकं सुंदर काही तरी आपण, गिरणीतल्या माणसांच्या पोरांनी, केलं आहे यावर माझा विश्वास बसेना. आणि त्याच वेळी मला वाटलं, आता तो बोलत असेल आणि मला ऐकू येत नाहीये. कठडा जवळ आला. माझ्या शेजारून सरकायला लागला. संपत आला.

मी मान वळवली.

वर्षभरात पहिल्यांदा. मागून फिलोमेनाने काही तरी किंचाळून सांगितलं, तेही ऐकू आलं नाही. कठड्याशी नुसते चेहरेच चेहरे. टोप्या उडवणारे, टाळ्या वाजवणारे, पोरांना खांद्यावर घेतलेले, एकमेकांच्या गळ्यात पडलेले. यातला माझा कुठला? मला त्याचे डोळे माहीत नव्हते, केस माहीत नव्हते, काहीच माहीत नव्हतं…

मग तो दिसला. एवढ्या नाचणाऱ्या गर्दीत एकच मुलगा सावधान उभा होता. साधा पांढरा सदरा, टाचा जुळलेल्या, हात मांड्यांना चिकटवलेले, नजर नाकासमोर. बुटका. कान मोठे. वर्षानुवर्षं जड बिगुल पेलून एक खांदा थोडा खाली गेलेला. पथक वाजवत होतं, आणि गणवेश उतरवून घेतला तरी त्याच्याने विश्राम करवत नव्हतं. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्याने हात उचलला नव्हता.

मी रांग सोडली. निशाण घेऊन, सगळ्यांदेखत, कॉस्टाबाईंच्या डोळ्यांसमोर. कठड्याशी जाऊन त्याच्यापुढे उभी राहिले, इतकी जवळ की त्याला माझ्याशिवाय दुसरं काही दिसणं शक्य नव्हतं. तरी तो हलेना. ओठ तेवढे हलले. काय म्हणाला ते तेव्हाही ऐकू आलं नाही, पण ओठांवरून समजलं, 'हलू नकोस.'

मी त्याच्या त्या मोठ्या कानाशी तोंड नेलं आणि माझ्या सगळ्या जोरानिशी ओरडले, "विश्राम!"

त्याने श्वास सोडला. आणि माझ्याकडे पाहिलं.